घरावर जप्तीची नोटीस आली तर काय करायचं

विट्याहून आलेल्या त्या ताईंनी पिशवीतून पाकीट काढलं, तेव्हा ते फोडलेलंसुद्धा नव्हतं. नवऱ्याने ते कपाटात लग्नाच्या अल्बमखाली ठेवलं होतं आणि दिवाळीची साफसफाई करताना ते त्यांच्या हाती लागलं. मी पाकीट फोडलं, नोटिशीवरची तारीख पाहिली आणि बोटांवर दिवस मोजले. साठ दिवसांच्या मुदतीतला बावन्नावा दिवस होता. म्हणजे हातात आठ दिवस.

मी एका सहकारी बँकेत वसुली विभागात होते. शेवटची ९ वर्षं सरफेसी कायद्याखालची प्राधिकृत अधिकारी म्हणून काम केलं. कोर्टात न जाता तारण घर ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकेला देणारा हा कायदा. ही पाकिटं मी पाठवलेली आहेत, लोकांच्या दारावर ताब्याची नोटीस चिकटवायला मी स्वतः गेलेली आहे आणि पेपरातल्या लिलावाच्या जाहिरातीखाली माझी सही असायची. निवृत्तीनंतर सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या घरी शनिवारी सकाळी लोक आपापले कागद घेऊन येतात, मी ते वाचून समजावते. मी वकील नाही. वकील कधी गाठायचा हे मात्र मला नेमकं माहीत आहे. आमच्याकडून ज्यांची घरं लिलावात गेली, त्यांतल्या बहुतेकांनी आम्हाला एक ओळसुद्धा लेखी कळवलेली नव्हती. म्हणून हे लिहिते आहे.

आधी कागद ओळखा

बँकेकडून आलेला प्रत्येक कागद म्हणजे जप्ती नव्हे. मोबाइलवरचे मेसेज, शाखेतून येणारे फोन, वकिलामार्फत आलेलं साधं पत्र, या सगळ्या आठवणी आहेत. कायद्याचं घड्याळ सुरू होतं ते ‘सरफेसी कायदा २००२, कलम १३(२)’ असं लिहिलेल्या नोटिशीपासून. हा आकडा पहिल्या पानावरच असतो. ‘१३(४)’ किंवा ‘ताबा नोटीस’ असं लिहिलं असेल तर तुम्ही पुढच्या टप्प्यावर आहात. ‘विक्री सूचना’ किंवा ‘ई-लिलाव’ असं असेल तर अगदी शेवटच्या.

कर्ज कोणाचं आहे हेही पाहा. राष्ट्रीयीकृत आणि खासगी बँका आणि बहुतेक गृहवित्त कंपन्या हा कायदा वापरतात. सहकारी बँकांना तो वापरता येतो की नाही यावर बरीच वर्षं वाद होता. तो कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या खटल्यात संपला. ५ मे २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की सहकारी बँकाही हा कायदा वापरू शकतात. इतर वित्त कंपन्यांना, म्हणजे एनबीएफसींना, २० लाख किंवा त्याहून मोठ्या कर्जासाठीच तो वापरता येतो. पतसंस्थेचं कर्ज असेल तर मार्ग पूर्ण वेगळा आहे, त्याबद्दल पुढे सांगते.

नोटीस यायच्या आधीचे ९० दिवस

हप्ता थकून ९० दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या हिशेबात थकीत, होतं. नोटीस त्यानंतरच निघते. सगळ्यात स्वस्त आणि सोपा इलाज या ९० दिवसांत असतो, आणि याच दिवसांत लोक शाखेचा रस्ता टाळतात. पहिला हप्ता चुकला त्याच आठवड्यात शाखेत जा. नोकरी गेली, आजारपण आलं, धंदा बसला, जे असेल ते लेखी द्या आणि सोबत पुरावा जोडा. मुदत वाढवून हप्ता कमी करता येतो का, काही महिने फक्त व्याज भरून चालेल का, कर्जाची पुनर्रचना होते का, हे विचारा. खातं चांगलं असेपर्यंत शाखाधिकाऱ्याचे हात बऱ्यापैकी मोकळे असतात. एनपीए झालं की फाइल वसुली विभागात जाते, आणि तिथे बसलेल्या माणसाने तुम्हाला कधी पाहिलेलंही नसतं.

कर्जदार वारला असेल तर रडून मोकळं झाल्यावर पहिली गोष्ट ही तपासा: कर्ज घेताना विमा उतरवला होता का? कर्जाच्या रकमेतच विम्याचा हप्ता कापलेला असतो आणि घरच्यांना पत्ता नसतो. मंजुरीपत्र आणि खात्याचा पहिला उतारा यांत ती नोंद दिसते. एका घरात बाईने नवऱ्यामागे १४ महिने शिवणकाम करून हप्ते भरले. नंतर कळलं की विमा होता. दावा केल्यावर तो मंजूर झाला, पण ते १४ महिने तिने उगाच हाल काढले होते.

एक खबरदारी. एकदा खातं एनपीए झालं की एखाददुसरा हप्ता भरून ते पूर्ववत होत नाही. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये हे स्पष्ट केलं आहे: व्याज आणि मुद्दल यांची सगळी थकबाकी भरली तरच खातं पुन्हा नियमित होतं. म्हणून ‘थोडे थोडे भरतोय ना’ या समाधानावर राहू नका. नेमकी किती रक्कम भरली की खातं नियमित होईल, हा आकडा बँकेकडून लेखी घ्या.

१३(२) ची नोटीस: ६० दिवसांत करायच्या गोष्टी

ही नोटीस वाचून माणसाच्या पायाखालची जमीन सरकते, कारण त्यात ४ थकलेल्या हप्त्यांचा आकडा नसतो, सगळंच्या सगळं कर्ज मागितलेलं असतं. विट्याच्या ताईंच्या नोटिशीत १८ लाख ४० हजार होते. ‘मॅडम, एवढे पैसे असते तर कर्ज कशाला काढलं असतं?’ असं त्या म्हणाल्या. त्यांना मी आधी पाणी दिलं आणि मग सांगितलं की कायद्याने बँकेला पूर्ण रक्कम मागावी लागते, पण पूर्ण थकबाकी भरणाऱ्याचं खातं नियमित करून कारवाई थांबवायला बहुतेक बँका तयार होतात. त्यांची खरी थकबाकी २ लाखांच्या थोडी वर होती. १८ लाखांपुढे माणूस हात टेकतो. २ लाखांसाठी तो धडपडू शकतो.

नोटीस घेऊन शांत बसा आणि पेन्सिलने खुणा करा. खातेक्रमांक बरोबर आहे का? एनपीएची तारीख काय दिली आहे, आणि तुमच्या उताऱ्यावरून मोजल्यास ती जुळते का? तुम्ही भरलेला एखादा हप्ता जमा दिसत नाही का? मिळकतीचं वर्णन, म्हणजे सिटी सर्व्हे नंबर, फ्लॅट नंबर, चतुःसीमा, बरोबर आहे का? नोटीस सगळ्या सहकर्जदारांना आणि जामीनदारांना गेली आहे का? दंडाचा आकडा वेगळा काढून पाहा. रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये नियम केला आणि तो २०२४ पासून लागू झाला: थकलेल्या हप्त्यावर दंडव्याज लावता येत नाही, फक्त दंडशुल्क लावता येतं आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. उताऱ्यात दंडावर व्याज चढवलेलं दिसलं तर तो तुमचा पहिला आक्षेप.

मग उत्तर लिहा. कलम १३(३ए) खाली तुम्हाला आक्षेप आणि निवेदन देण्याचा हक्क आहे आणि ते मिळाल्यापासून १५ दिवसांत बँकेने कारणांसह उत्तर दिलंच पाहिजे. हा हक्क आभाळातून पडलेला नाही. ८ एप्रिल २००४ रोजी मर्डिया केमिकल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बँकांना बजावलं की कर्जदाराचं म्हणणं विचारात घ्या, आणि मग कायद्यात हे कलम आलं. मी नोकरीत असताना असं पत्र आलं की आम्हाला फाइल पुन्हा उघडावी लागायची, उताऱ्याची पडताळणी करावी लागायची. बिनउत्तराची फाइल आपोआप पुढे सरकते.

पत्र मराठीत चालतं. मी लोकांना साधारण असं लिहून देते:

‘आपली दि. … ची कलम १३(२) खालील नोटीस मला दि. … रोजी मिळाली. कलम १३(३ए) नुसार माझं म्हणणं असं: दि. … रोजी भरलेले रु. … खात्यात जमा दिसत नाहीत, पावतीची प्रत जोडली आहे. दंडशुल्कावर व्याज आकारलेलं दिसतं, ते कमी करावं. माझं उत्पन्न … या कारणाने थांबलं होतं, त्याचा पुरावा जोडला आहे. थकबाकीपैकी रु. … मी आज भरत आहे आणि उरलेली थकबाकी दि. … पर्यंत भरण्याची माझी तयारी आहे. खात्याचा सुरुवातीपासूनचा उतारा, मंजुरीपत्राची प्रत आणि खातं नियमित होण्यासाठी लागणारी नेमकी रक्कम लेखी कळवावी. तोवर पुढील कारवाई करू नये, ही विनंती.’

जमेल तेवढीच तारीख लिहा. आशेवर लिहिलेली तारीख चुकली की तुमचं पुढचं पत्र कोणी वाचत नाही. पत्र हाताने देऊन शिक्क्यासह पोच घ्या आणि दुसरी प्रत रजिस्टर पोस्टाने पाठवा. शाखेत तोंडी मिळालेल्या आश्वासनाला पुढे कुठेच किंमत नसते. ‘साहेब म्हणाले होते, थांबा’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आहे, आणि त्या साहेबांची तोवर बदली झालेली असायची.

विट्याच्या ताईंचं पत्र चोपन्नाव्या दिवशी बँकेत पोचलं. सोबत ६० हजार भरल्याची पावती होती.

या ६० दिवसांत एक गोष्ट करू नका. नोटीस आल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकायला किंवा भाड्याने द्यायला कलम १३(१३) मनाई करतं. मेव्हण्याच्या नावे घाईघाईने बक्षीसपत्र करून देण्याचा सल्ला कोणी ना कोणी देतंच. त्याने घर वाचत नाही. उलट तुम्ही लबाडी केली असा शिक्का बसतो आणि पुढे कोणत्याही न्यायाधीशासमोर तुमचा खरा मुद्दाही हलका पडतो.

दोन सवलती मात्र तपासा. कर्जाची थोडीच रक्कम शिल्लक असेल, म्हणजे देणं हे मुद्दल आणि व्याज यांच्या २० टक्क्यांहून कमी, तर कलम ३१ मुळे हा कायदा लागू होत नाही. शेतजमिनीवरही तो चालत नाही, पण इथे नुसता सातबारा दाखवून भागत नाही, जमिनीचा प्रत्यक्ष वापर पाहिला जातो. शेतात बांधलेल्या बंगल्याला शेती म्हणता येणार नाही.

दारावर नोटीस चिकटली तर

६० दिवस गेले आणि काही ठरलं नाही, तर बँक कलम १३(४) खाली ताबा घेते. पहिला ताबा बहुधा कागदोपत्री असतो, त्याला प्रतीकात्मक ताबा म्हणतात. दारावर नोटीस लावतात, फोटो काढतात, आणि ७ दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत छापतात, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. तुम्ही घरातच राहत असता. शेजारीपाजारी वाचतात, मुलं शाळेतून रडत येतात. मला ते सगळं ठाऊक आहे. तरीही त्या दिवशी कॅलेंडरवर एक तारीख लाल पेनाने लिहा: ताब्यापासून ४५ वा दिवस.

या ४५ दिवसांत कलम १७ खाली कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे, म्हणजे डीआरटीकडे, अर्ज करता येतो. महाराष्ट्रात डीआरटी मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. ६० दिवसांच्या नोटिशीवर किंवा तुमचे आक्षेप फेटाळल्याच्या पत्रावर तिथे जाता येत नाही, ताब्याचं पाऊल पडल्यावरच दार उघडतं. अर्ज फक्त कर्जदारानेच करायचा असंही नाही. त्या कारवाईने बाधित होणारी कोणतीही व्यक्ती तो करू शकते.

खर्च लोकांना वाटतो तेवढा नाही. कर्ज १० लाखांहून कमी असेल तर दर लाखाला ५०० रुपये शुल्क. १० लाख किंवा वर असेल तर ५ हजार, आणि १० लाखांवरच्या प्रत्येक लाखाला किंवा त्याच्या भागाला २५० रुपये. २२ लाखांच्या कर्जाला ८ हजार होतात. वकिलाची फी वेगळी. पूर्वी मागणीच्या ७५ टक्के रक्कम आधी भरल्याशिवाय दादच घेतली जात नसे. ती अट मर्डियाच्याच निकालात रद्द झाली. आता डीआरटीत पाऊल ठेवायला अशी रक्कम लागत नाही. स्थगिती देताना मात्र न्यायाधिकरण अनेकदा काही रक्कम भरायला सांगतं, तेवढी तजवीज आधीच करून जा. आणि डीआरटीत हरलात तर ३० दिवसांत अपील करता येतं, पण तिथे देण्याच्या ५० टक्के रक्कम भरावी लागते. अपील न्यायाधिकरण ती २५ टक्क्यांपर्यंत खाली आणू शकतं, त्याखाली नाही. म्हणून डीआरटीतला पहिला अर्जच नीट, सगळ्या कागदांसह करायचा.

तिथे काय चालतं? ‘मी गरीब आहे’ याने अर्ज मंजूर होत नाही. नोटीस सहकर्जदाराला मिळालीच नाही, आक्षेपांना उत्तर दिलं नाही, ६० दिवस पूर्ण व्हायच्या आत ताबा घेतला, रक्कम चुकीची आहे, पेपरात सूचना छापली नाही, मिळकतच चुकीची लिहिली, असे मुद्दे चालतात. म्हणून ती पेन्सिलीची खूण आणि पोचपावती महत्त्वाची.

‘दिवाणी कोर्टातून मनाई आणून देतो’ असं कोणी म्हणालं तर कलम ३४ बद्दल विचारा. त्या कलमाने दिवाणी न्यायालयाला अशा प्रकरणात हात घालायला मनाई आहे, अपवाद फार थोडे. उच्च न्यायालयात रिट करायला सांगणाराही भेटेल. डीआरटीचा मार्ग उपलब्ध असताना रिट घेऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० पासून वारंवार सांगितलं आहे. अशा धावपळीत ४५ दिवस संपतात. मिरजेच्या एका निवृत्त शिक्षकांनी ३५ हजार देऊन दिवाणी दावा लावला होता. तो दाखल होण्याच्या पायरीवरच परत आला, तोवर मुदत गेली होती.

वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं. घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर असेल तर हा हक्क जरूर वापरा.

प्रत्यक्ष ताबा आणि वसुलीवाले

घर रिकामं करून द्यायला तुम्ही नकार दिला तर बँकेला कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. आदेश झाला की आमच्याकडे तहसील कार्यालयातून माणूस येतो, सोबत पोलीस असतात. मुंबईत कोर्ट कमिशनर येतो. हा आदेश देताना तुमची बाजू ऐकण्याचं बंधन नाही, त्यामुळे तिथे भांडण्यात अर्थ नसतो. भांडायची जागा डीआरटी.

आदेश नसताना चार दांडगे येऊन कुलूप ठोकत असतील तर ते बेकायदा आहे. १०० किंवा ११२ ला फोन करा. वसुली एजंटाने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही, हे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये लेखी घालून दिलं आहे. त्याचं ओळखपत्र मागा, कॉल रेकॉर्ड ठेवा, आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, त्याला शुल्क नाही. गृहवित्त कंपनीची तक्रार मात्र नॅशनल हाउसिंग बँकेकडे जाते. लोकपाल लिलाव थांबवत नाही हेही लक्षात असू द्या. तो वागणुकीची आणि आकारणीची तक्रार ऐकतो.

तहसीलदारांची तारीख कळली की विरोधाची तयारी करण्यापेक्षा मुलांचे दाखले, औषधं, दागिने, रेशनकार्ड, मूळ ओळखपत्रं बाहेर काढा. घरात जे राहील त्याची यादी पंचनाम्यात लिहून घ्या आणि प्रत मागा. मी अशा पंचनाम्यांना उभी राहिले आहे. एका आजीबाईंनी देव्हारा मागितला आणि पोलिसांनीच तो उचलून बाहेर आणून दिला. ते घर वाचवता आलं असतं, असं मला आजही वाटतं. तिच्या मुलाने आम्हाला कधी एक अर्जही दिला नव्हता.

स्वतः विका

हे ऐकायला कोणालाच आवडत नाही, पण मला सगळ्यात जास्त कळकळीने हेच सांगायचं आहे. हप्ता झेपणारच नसेल, उत्पन्न परत येण्याची खरीखुरी शक्यता नसेल, तर घर लिलावात जाऊ देण्याआधी स्वतः विका. लिलावात राखीव किमतीच्या, म्हणजे बँकेने ठरवलेल्या किमान किमतीच्या, आसपास बोली लागते, घेणाऱ्याला भांडणाची भीती असते म्हणून तो हात आखडतो. तुम्ही स्वतः विकलंत तर बाजारभाव मिळतो आणि कर्ज फेडून चार पैसे हातात राहतात.

मिरजेच्या त्याच शिक्षकांचं उदाहरण. देणं १४ लाखांचं. पहिल्या लिलावाची राखीव किंमत २१ लाख होती आणि कोणी फिरकलं नाही. नियमाप्रमाणे पुढच्या लिलावाला १५ दिवसांची जाहीर सूचना पुरते, आणि राखीव किंमत खाली येणार हे दिसत होतं. मी त्यांना बँकेत अर्ज द्यायला लावला: मी स्वतः ग्राहक आणतो, मला संमती द्या. बँकेने वसुली डोळ्यांसमोर दिसत असल्यामुळे ४० दिवस दिले. सोसायटीतल्याच एकाच्या जावयाने फ्लॅट २६ लाखांना घेतला. त्याच्या बँकेने १४ लाख थेट जुन्या बँकेत भरले, उरलेले मास्तरांना मिळाले. ते आता मालगावात भाड्याने राहतात, पण पेन्शनवर कुणाचा हात नाही.

पद्धत अशी: बँकेकडून संमतीपत्र आणि पूर्ण देण्याचं तारखेसह पत्र घ्या, सोसायटीची थकबाकी किती ते लिहून घ्या, ग्राहकाला सगळं खरं सांगा, आणि पैसे कर्जखात्यात थेट जातील असा करार करा. ग्राहकाकडून रोख विसार घेऊन तो दुसरीकडे वापरू नका. तिथेच व्यवहार फिसकटतो.

यातली तारीख जिवापाड जपा. कलम १३(८) प्रमाणे सगळं देणं आणि खर्च भरून घर सोडवून घेण्याचा तुमचा हक्क लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध होण्याच्या तारखेआधीच चालतो. २०१६ च्या दुरुस्तीआधी प्रत्यक्ष विक्री पूर्ण होईपर्यंत वेळ मिळायचा. सप्टेंबर २०२३ मध्ये बाफना मोटर्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सूचना प्रसिद्ध झाली की हा हक्क संपतो. मास्तरांच्या वेळी बँक राजी होती म्हणून जमलं. बँक अडून बसली असती तर कायदा त्यांच्या बाजूने नव्हता. ‘लिलावाच्या आदल्या दिवशी पैसे भरू’ हा जुना हिशेब आता डोक्यातून काढून टाका.

एकरकमी तडजोडीबद्दल थोडक्यात. ओटीएस हा हक्क नाही, बँकेची मर्जी आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केलं. पैसे खरोखर हाताशी असतील तरच मागा, कारण ठरलेली तारीख चुकली की सवलत रद्द होते आणि भरलेले पैसे मूळ देण्यात वळते होतात. लोकअदालतीतही अशी तडजोड होते, तिथे कोर्ट फी लागत नाही. तडजोडीने मिटवलेलं खातं क्रेडिट अहवालात ‘सेटल्ड’ दिसतं, ‘क्लोज्ड’ नाही, आणि पुढची काही वर्षं नवं कर्ज मिळायला जड जातं.

लिलाव लागलाच तर

मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराचा अहवाल झाला होता का, तुम्हाला ३० दिवसांची विक्री नोटीस मिळाली का, दोन पेपरांत सूचना आली का, हे तपासा. राखीव किमतीखाली विकायचं तर तुमचीही संमती लागते. बोली जिंकणाऱ्याने २५ टक्के त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी भरायचे असतात. यातलं काही चुकलं तर पुन्हा ४५ दिवसांच्या आत डीआरटी.

विक्रीनंतर हिशेब लेखी मागा. देणं आणि खर्च वजा जाऊन उरलेली रक्कम तुमची आहे, कलम १३(७) तसं सांगतं. ती मागायला न आलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना वाटायचं, घर गेलं म्हणजे सगळंच गेलं. रक्कम कमी पडली तर मात्र उरलेलं देणं तुमच्यावर आणि जामीनदारावर राहतं.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर

इथे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चं कलम १०१ लागतं. पतसंस्था सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे अर्ज करते आणि तिथून वसुली दाखला निघतो. निबंधकांकडून नोटीस येते तेव्हाच हजर राहून उताऱ्यावर हरकत घ्या. दाखला निघाल्यावर कलम १५४ खाली फेरतपासणी मागायची तर वसुलीच्या ५० टक्के रक्कम संस्थेत भरावी लागते. पुढची जप्ती आणि विक्री नियम १०७ प्रमाणे विशेष वसुली अधिकारी करतो. या नियमात कर्जदाराला एक खिडकी आहे जी सरफेसीत नाही: घराचा लिलाव झाल्यावरसुद्धा ३० दिवसांत थकबाकी आणि खरेदीदारासाठी विक्री किमतीच्या ५ टक्के भरून विक्री रद्द करून मागता येते.

कागद परत घेताना

कर्ज फिटलं की बेबाकी, म्हणजे काही देणं उरलं नसल्याचा, दाखला घ्या, सिटी सर्व्हे किंवा सातबाऱ्यावरचा बोजा कमी करून घ्या, सोसायटीच्या नोंदीतून बँकेचं नाव काढा. मूळ कागद ३० दिवसांत परत मिळाले पाहिजेत. उशीर बँकेचा असेल तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा १ डिसेंबर २०२३ पासूनचा नियम आहे.

विट्याच्या ताईंनी चारातले दोन माग विकले, पाटल्या मोडल्या आणि सगळी थकबाकी भरली. बँकेने खातं नियमित झाल्याचं पत्र दिलं. त्यांचे अजून ७ वर्षांचे हप्ते बाकी आहेत. पण बँकेच्या तिजोरीत आपले कोणकोणते कागद आहेत, याची सही-शिक्क्याची यादी त्यांनी आत्ताच मागून घेतली आहे: खरेदीखत, इंडेक्स टू, मिळकत पत्रिका, बांधकाम परवाना. ती यादी आता अल्बमखाली नाही, स्वयंपाकघरात गॅसच्या पासबुकाशेजारी असते, आणि महिन्याची पावती त्या तिलाच टाचून ठेवतात.